सुट्टीनंतरचा पहिला दिवस: सूतगिरणीतला बिसिनोसिस ओळखण्यापासून दाव्यापर्यंत

सुट्टी संपवून कामगार पाळीवर येतो. पहिले तास-दोन तास काही होत नाही. जेवणाच्या सुट्टीच्या आसपास छाती आवळायला लागते, अंगातलं बनियन अचानक लहान झाल्यासारखं वाटतं, कोरडी ढास लागते आणि घरी जाऊन पाठ टेकेपर्यंत ती आवळ सुटत नाही. दुसऱ्या दिवशी खातं तेच, यंत्र तेच, धूळ तीच, पण त्रास कमी. आठवडा संपेस्तोवर माणूस विसरूनही जातो. पुढच्या सुट्टीनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू.

हा बिसिनोसिस, कापसाच्या धुळीने होणारा श्वासनळ्यांचा आजार. इंदूरच्या जुन्या कापड गिरण्या बंद झाल्या म्हणून तो इथून गेला असं समजणं चुकीचं आहे. नंदानगर, परदेशीपुरा, पाटणीपुरा भागात गिरणीतून निवृत्त झालेली माणसं आजही धापा टाकत जिने चढतात. पिथमपूर, देवास आणि निमाडातल्या सूतगिरण्या, सेंधवा-खरगोनकडचे जिनिंग कारखाने, बऱ्हाणपूरचे यंत्रमाग चालू आहेत, आणि धार जिल्ह्यात भैंसोला इथे नवं टेक्स्टाइल पार्क उभं राहतं आहे. म्हणजे या धुळीत नव्याने उभी राहणारी तरुण मुलं-मुली येणारच आहेत.

या आजाराचं निदान एक्स-रेवर दिसत नाही. ते वारात आणि तासात दडलेलं असतं. त्रास कोणत्या दिवशी सुरू झाला, पाळीच्या कितव्या तासाला झाला आणि सुट्टीत गेला का, हे लिहून ठेवलं तर डॉक्टरला आजार दिसतो आणि दाव्यालाही पाय फुटतात. नाही लिहिलं तर दोन्हीकडे एकच शेरा पडतो: जुना खोकला, बिडी पितो.

धूळ कोणत्या खात्यात किती

सुरुवात गासडी फोडण्यापासून होते. गासडीतली रुई हातात घेऊन उजेडात धरली तर पांढऱ्या तंतूंमध्ये तपकिरी, कुरकुरीत ठिपके दिसतात. बोंडाला बिलगलेली बारीक पानं वाळून त्यांचा चुरा झालेला असतो, तोच हा. या चुऱ्यावर शेतापासूनच जिवाणू वाढलेले असतात. ते मेल्यावर त्यांच्या आवरणातलं विष, म्हणजे एंडोटॉक्सिन, धुळीबरोबर श्वासनळ्यांत उतरतं आणि नळ्या आकसतात. बाजार समितीच्या आवारात पावसात भिजलेला कापूस अधिक त्रासदायक ठरतो तो यामुळेच. ओल्या कापसावर जिवाणू माजतात.

ब्लो रूममध्ये रुई पिंजून सुटी होते, सरकीचे तुकडे आणि जाड कचरा खाली पडतो. कार्डिंगमध्ये, म्हणजे कार्ड नावाच्या यंत्रात, तारेच्या दातांवर ती विंचरून पेळू निघतो, आणि आतापर्यंत तंतूंना चिकटून राहिलेली अगदी बारीक धूळ इथे मोकळी होते. म्हणून या दोन खात्यांत आजार सर्वांत जास्त. ड्रॉ फ्रेम, स्पीड फ्रेम, रिंग फ्रेम, वाइंडिंग असं पुढे जावं तसा तो साधारणपणे कमी होत जातो. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, धूळ डोळ्यांना भरपूर दिसते, पण तिच्यात तंतू आणि खळीची पावडर जास्त असते, आणि बिसिनोसिस तुलनेने कमी आढळतो. मात्र खळीत चिंचोक्याचं पीठ असेल आणि त्याला बुरशी लागली असेल, तर विणकरांना वेगळाच खोकला लागतो. तो सगळ्या खात्याला एकदम लागला तर खळीचं पिंप आधी तपासावं.

दोन जागा हमखास विसरल्या जातात. एक वेस्ट खातं: कार्डाखालचा आणि ब्लो रूमचा कचरा जिथे गोळा होऊन पुन्हा पिंजला जातो किंवा बांधला जातो. दुसरी जागा म्हणजे झाडलोट. पाळीच्या शेवटी झाडू मारणाऱ्या, ठेकेदाराकडून आलेल्या बायकांचं नाव कार्डिंगच्या हजेरीवर नसतं, पण धूळ त्यांच्याच नाकात सर्वांत जास्त जाते.

पांढरी उडती रुई दिसते म्हणून तिची भीती वाटते. ती बहुतेक नाकातच अडकते. खाली उतरते ती १५ मायक्रॉनपेक्षा बारीक धूळ, आणि ती साध्या डोळ्यांनी फक्त खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात तरंगताना दिसते. खातं स्वच्छ दिसतं यावरून हवा स्वच्छ आहे असं धरू नये.

ओळखण्यासाठी विचारायचे प्रश्न

युनियनचा कार्यकर्ता, गिरणीची नर्स किंवा घरचं कोणीही हे विचारू शकतं. आठवड्याच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते का? कधीमधी की दर आठवड्याला? पाळी सुरू झाल्यापासून किती तासांनी? त्याच आठवड्यात आणखी कोणत्या दिवशी होतं? लग्नासाठी किंवा गणपतीला आठ-दहा दिवस सुट्टी काढली तेव्हा बरं वाटलं का? परत आल्यावर पहिला दिवस कसा गेला?

इंग्रजीत याला मंडे फीव्हर म्हणतात, त्यामुळे डॉक्टरसुद्धा सोमवार विचारतात आणि माणूस ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. तुमच्या खात्याची सुट्टी बुधवारी असेल तर तुमचा सोमवार गुरुवारी येतो. तिन्ही पाळ्या फिरत असतील तर तो दर आठवड्याला सरकतोही. म्हणून वाराचं नाव न विचारता ‘सुट्टीनंतरचा पहिला दिवस’ असंच विचारावं.

रिचर्ड शिलिंग या ब्रिटिश डॉक्टरांनी लँकेशायरच्या गिरण्यांत काम करून १९५० च्या दशकात ज्या पायऱ्या ठरवल्या, त्या आजही उपयोगी पडतात. पहिल्या दिवशी कधीमधी आवळ म्हणजे अर्धी पायरी. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी म्हणजे पहिली. पहिल्या दिवशी आणि आठवड्यातल्या इतर दिवशीही म्हणजे दुसरी. या त्रासाबरोबर फुप्फुसांची ताकद कायमची घटली असेल तर तिसरी. अर्ध्या आणि पहिल्या पायरीवर धुळीतून बाहेर काढलं तर माणूस बहुतेक सावरतो. तिसऱ्या पायरीवर गेलेलं परत येत नाही, फक्त पुढची घसरण थांबवता येते. खरी कसोटी पहिल्या पायरीवरच असते, आणि नेमकं त्याच वेळी माणूस ‘दुसऱ्या दिवशी बरं वाटतं’ म्हणून गप्प बसतो.

आजार सहसा धुळीत बरीच वर्षं, बहुधा दहाच्या वर, काढल्यावर येतो. नवीन कामगाराला पहिल्या काही दिवसांत संध्याकाळी थंडी वाजून ताप, अंगदुखी, खोकला येतो आणि थोड्या दिवसांत ओसरतो, तो मिल फीव्हर. त्याचाच बिसिनोसिस होतो असं नाही, पण खात्यात धूळ जास्त आहे याची ती खूण आहे.

साध्या दम्याशी गफलत होते. दमा कामामुळे असेल तर बहुतेकदा आठवडा सरत जाईल तसा वाढतो, आणि रात्री-पहाटे झोप मोडतो. बिसिनोसिस सुरुवातीला याच्या उलट चालतो. डाइंगमध्ये, म्हणजे रंगाईच्या खात्यात, रिॲक्टिव्ह रंगांची पावडर मोजणाऱ्याला होणारा त्रास हा दम्याच्या प्रकारचा. त्याची चौकशी वेगळी करावी लागते.

वही आणि पीक फ्लो मीटर

शंका आली की चार आठवडे वही ठेवा. शंभर पानी शाळेची वही पुरे. पीक फ्लो मीटर हे फुंकेचा वेग मोजणारं, प्लॅस्टिकचं छोटं नळीसारखं यंत्र औषधाच्या मोठ्या दुकानात मिळतं. चार आठवडे एकच मीटर वापरा, मधे बदललात तर आकडे जुळत नाहीत.

१. उभे राहा. काटा तळाला, शून्यावर आणा. बोट काट्याच्या वाटेत येऊ देऊ नका.
२. छाती पूर्ण भरून श्वास घ्या, नळीभोवती ओठ घट्ट मिटा आणि एकाच झटक्यात जोरात फुंका. लांबवर फुंकायची गरज नाही, झटका महत्त्वाचा.
३. तीनदा करा. तिन्ही आकडे लिहा आणि सर्वांत मोठ्याला गोल करा. सरासरी काढू नका.
४. दिवसातून चार वेळा: उठल्यावर किंवा पाळीआधी, पाळीच्या मध्ये, पाळी संपताना, झोपण्याआधी. सुट्टीच्या दिवशीही याच वेळांना.

प्रत्येक दिवसाच्या ओळीत तारीख, वार, पाळी, खातं, सुट्टीनंतरचा कितवा दिवस, छाती आवळायला लागल्याची वेळ, श्वासाचा पंप (इनहेलर) घेतला का, आणि त्या दिवशी खात्यात काही वेगळं घडलं का तेही लिहा: कार्ड ग्राइंडिंग (कार्डाच्या दातांना धार लावणं) झालं, धूळ ओढणारं सक्शन बंद होतं, ओल्या मालाची गासडी फोडली. शेवटचा रकाना बहुतेक जण कोरा सोडतात. पुढे कागदपत्रांच्या वेळी सर्वांत जास्त किंमत त्यालाच येते.

चूक कुठे होते? घरी बसून रविवारी एकदम आठवडा भरला जातो. शाई एकच, अक्षर एकच, आकडे गोल-गोल. असं पान बघणाऱ्याला लगेच कळतं. एखादी वेळ चुकली तर तो रकाना रिकामा ठेवा.

डॉक्टरकडे जाताना

इंदूरमध्ये दवाखान्यातलं बोलणं बहुतेक हिंदीत होतं, आणि घरात मराठी बोलणाऱ्याची इथे एक अडचण होते. ‘छाती भरून येते’ याचं ‘सीना भर जाता है’ केलं की समोरच्याला काहीच बोध होत नाही, आणि ‘घबराहट’ म्हटलं तर ईसीजी निघतो. ‘सीने में जकड़न’ म्हणा, आणि लगेच पुढे ‘छुट्टी के बाद पहले दिन’ जोडा. किती वर्षं कोणत्या खात्यात काढली ते एका कागदावर लिहून न्या, कारण विचारलं जाईल याची खात्री नसते.

आधी क्षयाची शंका दूर करा. खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल तर थुंकी तपासायलाच हवी. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी मोफत होते. पण थुंकी निगेटिव्ह आहे आणि एक्स-रेवर ‘काहीतरी’ दिसतंय एवढ्यावर गिरणी कामगाराला क्षयाची औषधं पुन्हा पुन्हा सुरू होत असतील, तर थांबून विचारा. बिसिनोसिसमध्ये एक्स-रे बहुधा साफ असतो किंवा जुन्या ब्रॉन्कायटिससारखा दिसतो. सिलिकोसिससारख्या (दगडाच्या धुळीने होणाऱ्या आजारासारख्या) गाठी त्यात नसतात. ‘एक्स-रे नॉर्मल आहे, म्हणजे आजार नाही’ हे वाक्य म्हणूनच इथे लागू होत नाही.

खरी तपासणी स्पायरोमेट्रीची, म्हणजे यंत्रात फुंकून श्वास मोजण्याची. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली, म्हणजे एफईव्ही-१, हा त्यातला मुख्य आकडा. गिरणी कामगाराची स्पायरोमेट्री एकदाच केली तर अर्धीच माहिती मिळते. ती दोनदा करायची: सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळीवर जाण्याआधी, आणि त्याच दिवशी किमान चार तास धुळीत काढल्यावर. पहिल्या वेळी आधीचे ३५ तास तरी माणूस धुळीपासून लांब असावा. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइम केला असेल तर ती तपासणी पुढच्या आठवड्यावर ढकला.

समजा, सकाळी २.६० लिटर आणि पाळीनंतर २.३० लिटर आले. फरक ०.३० लिटर, म्हणजे सकाळच्या आकड्याच्या साडेअकरा टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ५ ते १० टक्के घट सौम्य, १० ते २० मध्यम, त्यापुढे तीव्र. आता हाच सकाळचा २.६० चा आकडा त्या वयाच्या आणि उंचीच्या माणसाच्या अपेक्षित आकड्याशी ताडायचा. अपेक्षित ३.२० असेल तर तो ८१ टक्के होतो. ८० च्या वर म्हणजे कायमचं नुकसान अजून नाही, ६० ते ७९ म्हणजे झालं आहे, ६० च्या खाली म्हणजे मोठं. या उदाहरणातला माणूस वाचवता येण्याजोग्या टप्प्यावर आहे. त्याची तपासणी पाळीनंतर केलीच नसती तर ‘नॉर्मल’ शिक्का मारून त्याला परत कार्डिंगवर धाडलं असतं.

तपासणीआधी तासभर बिडी नको, पोटभर जेवण नको. पंप आधी थांबवायचा का आणि किती तास, हे डॉक्टरलाच विचारा, स्वतःच्या मनाने थांबवू नका. तीन नीट फुंका व्हायला हव्यात आणि त्यातल्या दोन चांगल्या फुंकांत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नसावा. फरक जास्त असेल तर माणसाने जोर लावला नाही असं नसतं. बहुतेक वेळा त्याला कसं फुंकायचं हे त्याच्या भाषेत कुणी सांगितलेलं नसतं.

निदान झाल्यावर

पहिलं औषध म्हणजे खातं बदलणं. कार्डिंगमधून पॅकिंगला, गोदामाला, कापड तपासणीला. बदली मागताना तोंडी सांगू नका, डॉक्टरच्या चिठ्ठीसह लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पगार कमी होईल या भीतीने माणूस थांबतो आणि ती भीती खरी असते, म्हणून युनियनने ‘पगार न घटता बदली’ हाच शब्द अर्जात घालावा.

नळ्या मोकळ्या करणारा सॅल्ब्युटामॉलचा पंप आणि गरजेप्रमाणे स्टिरॉइडचा पंप डॉक्टर देतात. पंपाने आजार बरा होत नाही. पंप घेऊन त्याच धुळीत उभं राहणं सर्वांत वाईट, कारण आवळ जाणवत नाही आणि नुकसान आतल्या आत चालू राहतं. पंप स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळीतून घ्या: हलवा, एक फवारा सोडा, सावकाश खोल श्वास घ्या, दहा आकडे मोजेपर्यंत धरा, दुसरा फवारा थोड्या वेळाने. स्टिरॉइडचा असेल तर नंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात.

बिडी आणि कापसाची धूळ एकत्र आली की फुप्फुसं जास्तच खचतात. पण एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे: बिडी ओढणाऱ्यालाही बिसिनोसिस होतो, आणि बिडीमुळे त्याचा दावा आपोआप खोटा ठरत नाही. बिडीचा खोकला सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवसावर येत नाही.

फ्लूची लस दर वर्षी, न्यूमोकोकलची डॉक्टरच्या सल्ल्याने. जिना चढताना ओठांचा चंबू करून, शिट्टी वाजवल्यासारखा, सावकाश श्वास सोडायची सवय लावा. श्वास घ्यायला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट सोडायला.

खात्यातली धूळ खाली आणणं

मोजण्यापासून सुरुवात करा. कापसाच्या धुळीसाठी व्हर्टिकल इल्युट्रिएटर हे यंत्र वापरतात. ते मिनिटाला ७.४ लिटर हवा खेचतं आणि १५ मायक्रॉनपेक्षा मोठा तंतू वर चढू न देता बारीक धूळ तेवढी फिल्टरवर घेतं. तोंड माणसाच्या नाकाच्या उंचीवर ठेवायचं आणि पाळीतले किमान सहा तास चालवायचं. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात कच्च्या कापसाच्या धुळीची मर्यादा दर घनमीटरला ०.२ मिलिग्रॅम होती. अमेरिकेने १९७८ मध्ये सूत बनवण्याच्या खात्यांसाठी ठरवलेली मर्यादाही हीच. सहा तासांत साधारण २.६६ घनमीटर हवा जाते, म्हणजे फिल्टरचं वजन अर्ध्या मिलिग्रॅमने वाढलं की मर्यादा गाठली. एवढा लहान आकडा असल्यामुळे फिल्टर आधी आणि नंतर सारख्याच ओलाव्याच्या हवेत ठेवून वजन केलं नाही, तर ओलाव्याचंच वजन धूळ म्हणून मोजलं जातं किंवा धूळ ओलाव्यात लपते. अहवाल हातात आला की तीन गोष्टी बघा: नमुना किती मिनिटं घेतला, कोणत्या यंत्राजवळ, आणि त्या वेळी किती कार्डं चालू होती. निम्मी कार्डं बंद ठेवून घेतलेला नमुना दिसायला उत्तम असतो.

कार्डाची झाकणं आणि सक्शनचे हूड हे दुसरं ठिकाण. दुरुस्तीला उघडलेलं झाकण नीट बसवलं नाही की फटीतून धूळ बाहेर येते. सक्शन ओढतंय का हे बघण्यासाठी काही ठिकाणी उदबत्ती धरतात. कापसाच्या खात्यात हे अजिबात करू नका, तिथे एक ठिणगी पुरते. टिश्यू पेपरची पातळ पट्टी फटीजवळ धरा. ती आत ओढली गेली पाहिजे. लोंबत राहिली किंवा बाहेर ढकलली गेली तर तिथे सक्शन मेलं आहे. नळीतल्या हवेचा वेग सेकंदाला १५ मीटरच्या खाली घसरला की कापूस आडव्या नळीत बसायला लागतो, नळी अरुंद होते, वेग आणखी घसरतो. वळणावरच्या नळीला टकटक करून ‘भरलेला’ आवाज येतो का ते जुना फिटर लगेच सांगतो.

फिल्टर फाटला तर जास्त अनर्थ होतो. गिरणीत बरीचशी हवा गाळून परत खात्यातच सोडतात. जाळी फाटलेली असेल तर कार्डिंगची धूळ पंख्याने रिंग फ्रेमवर पसरते. फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक दाखवणारा मीटर रोज एका ठरलेल्या वेळी लिहा. आकडा हळूहळू चढला तर फिल्टर भरतोय, अचानक पडला तर फाटला आहे.

कॉम्प्रेसरच्या हवेने यंत्रं फुंकणं ही सर्वांत जुनी आणि सर्वांत वाईट सवय. बसलेली सगळी बारीक धूळ पुन्हा हवेत येते आणि पुढचे कित्येक तास तरंगते. व्हॅक्यूम वापरा. फुंकल्यावाचून चालतच नसेल तिथे बाकीच्यांना खात्याबाहेर काढून, फुंकणाऱ्याला चांगला मास्क देऊन, पाळी सुरू होण्याच्या पुरेसं आधी ते उरका. कार्ड ग्राइंडिंग आणि कार्डाखालची सफाई ही कामंही गर्दीच्या पाळीत घेऊ नका. कमी कचऱ्याचा माल घेण्याने सर्वांत जास्त फरक पडतो, पण तो निर्णय खरेदी विभागाचा असतो. म्हणून सुरक्षा समितीच्या बैठकीला खरेदीवाल्यालाही बसवा.

गमछा किंवा पंचा नाकाला बांधल्याने रुई अडते, बारीक धूळ अडत नाही. आयएस ९४७३ छापलेला एफएफपी-२ किंवा एन-९५ मास्क लागतो. दोन्ही पट्टे डोक्यावरून, एक कानांच्या वर आणि एक खाली, नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबून बसवायची, मग दोन्ही तळव्यांनी मास्क झाकून जोरात श्वास सोडायचा. डोळ्यांकडे हवा लागली तर तो नीट बसलेला नाही. दाढीवर तो बसतच नाही. धुऊन पुन्हा वापरू नका. आणि दमट, गरम खात्यात आठ तास मास्क घालून राहणं कठीणच असतं, म्हणून मास्क हा सक्शन दुरुस्त होईपर्यंतचा उपाय धरावा. मास्क वाटले म्हणून सक्शनची दुरुस्ती थांबली, तर मास्कने नुकसानच केलं.

कागद आणि दावा

बिसिनोसिस कायद्याने व्यवसायजन्य आजार आहे आणि तो कळवण्याचं बंधन आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, तसंच कर्मचारी भरपाई आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कायद्यांच्या यादीत तो होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. अर्जावर कोणतं कलम घालायचं ते आजार केव्हा आणि काम केव्हाचं यावर ठरतं, ते वकिलाकडून तपासून घ्या. औद्योगिक कामगाराला उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज करावा लागतो.

ईएसआयची वर्गणी कापली जात असेल तर वाट ईएसआयमधून जाते. इंदूरमध्ये ईएसआयचं रुग्णालय नंदानगरला आहे. तिथे नोंद करताना ‘खोकला’ एवढंच लिहून घेऊ नका, केसपेपरवर खातं, कामाची वर्षं आणि ‘सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळते’ हे शब्द यायला हवेत. व्यवसायजन्य आजाराची प्रकरणं विशेष वैद्यकीय मंडळापुढे जातात. काम करता येत नसेल त्या दिवसांचा तात्पुरता अपंगत्व लाभ सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळतो. कायमचं नुकसान असेल तर मंडळ कमावण्याची ताकद किती टक्के गेली ते ठरवतं आणि त्याप्रमाणे मासिक रक्कम सुरू होते. मंडळापुढे वही, दोन्ही वेळच्या स्पायरोमेट्रीचे मूळ कागद, बदलीच्या अर्जाची पोच आणि धूळमापनाचा अहवाल न्या. प्रती द्या, मूळ कागद दाखवून परत घ्या.

ईएसआय नसेल तर भरपाई आयुक्तांकडे अर्ज करावा लागतो. मुदत साधारण दोन वर्षांची. आजाराच्या बाबतीत ती, आजारपणामुळे सलग गैरहजेरी सुरू झाली त्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणून ती तारीख हजेरीपत्रकात ‘खासगी रजा’ म्हणून जाऊ देऊ नका. उशीर झाला असेल तर त्याचं सबळ कारण देऊन माफी मागता येते, पण ती मिळेलच असं धरून बसू नका.

मालक किंवा ठेकेदार ‘हा आमच्याकडे कार्डिंगला नव्हताच’ म्हणतो तिथे बहुतेक दावे अडकतात. हजेरीकार्ड, पगाराची चिठ्ठी, पीएफचा उतारा, जुना गेटपास, बदलीचा हुकूम, काहीही चालतं. गिरणी बंद पडली असेल आणि काहीच उरलं नसेल, तर त्याच खात्यात शेजारी काम केलेल्या दोन-तीन जणांची शपथपत्रं घ्या. ती माणसंही आता सत्तरीत-ऐंशीत आहेत, त्यामुळे हे काम पुढच्या महिन्यावर टाकू नका.

इंदूरच्या बंद पडलेल्या हुकुमचंद मिलच्या कामगारांना २५ डिसेंबर २०२३ रोजी २२४ कोटी रुपये देण्यात आले, ती थकीत देण्यांची रक्कम होती. फुप्फुसाच्या आजाराची भरपाई त्यात नव्हती, आणि ती रक्कम घेतली म्हणून उपचाराचा हक्कही संपत नाही. पाच वर्षं ईएसआयमध्ये विमाधारक राहून वयाने निवृत्त झालेल्या माणसाला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःचे आणि जोडीदाराचे उपचार ईएसआयमध्ये चालू ठेवता येतात. निवृत्तीच्या वेळी हे सांगितलं जातंच असं नाही, म्हणून विमा क्रमांक लिहिलेलं जुनं कार्ड शोधून घेऊन जा आणि खिडकीवर हेच वाक्य विचारा: ‘सेवानिवृत्त बीमित व्यक्ति का एक सौ बीस रुपये वाला फॉर्म दीजिए.’